कमरेखाली घातली की केस होत नाही

वडील गेले आणि मागे एक गोधडी राहिली. गोधडीत गुंडाळलेली बारा बोअरची डबलबार बंदूक. राधानगरीकडच्या आमच्या तुकड्यावर रानडुकरं उतरतात म्हणून आजोबांच्या काळी घेतलेली. वडिलांनी तिचा शेवटचा बार कधी काढला ते आईलाही आठवत नाही. लायसन्स वडिलांच्या नावावर होतं, म्हणजे ते गेले त्या दिवशी त्या कागदाचाही जीव गेला. एवढं मला ठाऊक होतं. पोलीस ठाण्यात कळवलं आणि बंदूक जमा करायला शहरातल्या एका दुकानात घेऊन गेलो.

दुकानदारानं ती मोडून उजेडाकडं धरली, दोन्ही नळ्यांतून एकेकदा बघितलं आणि म्हणाला, "सर, कशाला जमा करताय? वडलांची हाय न्हवं? वारसाला आपोआप चालती. वर्षभर तर कोण इचारत न्हाई."

त्याच्या आवाजात कुठं कचरणं नव्हतं. कोल्हापुरात रस्ता विचारला तर सांगणारा माणूस निम्म्या वाटेपर्यंत सोबत येतो, तसल्या आपुलकीनं तो मला एका गुन्ह्याची वाट दाखवत होता. शस्त्र कायद्याचं २१ वं कलम सांगतं की परवाना संपला किंवा बाळगण्याचा हक्क राहिला नाही, तर शस्त्र विनाकारण उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडं जमा करायचं. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना मिळण्याची सोय आहे, पण त्यानं स्वतःच्या नावानं रीतसर अर्ज केला तर. गाईगुरांसारखी बंदूक आपोआप पोराच्या दावणीला येत नाही. आणि हे सांगणारा कोण, तर ज्याच्याकडं ती जमा करायची तोच.

बंदूक जमा केली, वारस म्हणून माझ्या नावानं अर्ज केला आणि त्याच्या कागदपत्रांसाठी पुढं दीडेक महिना त्या दुकानाच्या बाकावर बसणं झालं. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळं चुकीचं उत्तर ऐकलं की हात आपोआप खडूकडं जातो. तिथं खडू नव्हता, म्हणून हे लिहितोय.

बाकावर सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य या लेखाच्या डोक्यावर लावलं आहे. "कमरंखाली घालायची. कमरंखाली घातली की तीनशेसात लागत न्हाई." गिऱ्हाईक कुणीही असो, सोन्याचांदीवाला, पेट्रोलपंपवाला, उसाच्या गाड्या चालवणारा, सगळ्यांना हाच मंत्र. आता जुन्या दंड संहितेचं ते ३०७ कलमच राहिलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाच्या प्रयत्नाचं कलम १०९ झालं. मंत्र मात्र जुन्याच आकड्यानं चालू आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या कलमात कंबर कुठंच नाही. तिथं हेतू आहे आणि जाणीव आहे. कोर्ट विचारणार की गोळी घातलीस तेव्हा तुझ्या मनात काय होतं आणि काय होऊ शकतं हे तुला कळत होतं का. मांडीतून जाणारी मोठी धमनी फाटली तर माणूस काही मिनिटांत रक्त जाऊन मरतो, हे कुठलाही खाटीक सांगेल. शिवाय पळणारा, वाकलेला, अंधारातला माणूस. गोळी घालणाऱ्याचे हात थरथरणारे. अशा वेळी "कंबर" हे निशाण धरणारा कोण धनुर्धर जन्माला आला आहे? नेमबाजीच्या रेंजवर दिवसाउजेडी स्थिर कागदावर मारताना लोकांचे छर्रे कुठं जातात ते मी पाहिलं आहे.

याच मंत्राचं जुळं भावंड म्हणजे "घरात शिरला की घाला, काय बी होत न्हाई". अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानांत हीच थाप आणखी पुढं गेलेली आहे. चोर अंगणात पडला तर ओढून उंबऱ्याच्या आत आणा, असा सल्ला तिथं पिढ्यान् पिढ्या दिला जातो. म्हणजे गोळी घालणाऱ्यानं स्वतःच पुरावा फिरवायचा, आणि फरशीवरचा रक्ताचा पट्टा पोलिसांना दिसणार नाही असं समजायचं. आपल्याकडं खासगी बचावाचा हक्क न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे, आणि तो कमी नाही. रात्रीची घरफोडी, दरोडा, जीवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, यांत समोरच्याचा जीव गेला तरी कायदा तुमच्या बाजूनं उभा राहू शकतो. पण ३७ वं कलम त्याला दोन लगाम घालतं. पोलिसांकडं जायला वेळ होता का, आणि गरजेपेक्षा जास्त इजा केली का. उंबरा त्यात कुठं येत नाही. रिकाम्या हातानं पाठ फिरवून पळणाऱ्याला गोळी घालणाऱ्या माणसाला घराचा सातबारा दाखवून सुटता येत नाही.

"आधी हवेत बार काढायचाच असतो, कायदाच हाय तसा." हेही ऐकलं. त्या हक्काच्या कलमांत असली कुठलीही अट नाही. पण यात नुसता कायदा चुकलेला नाही, निसर्गही चुकला आहे. वर गेलेली गोळी आपल्या बोलण्यात जणू आभाळात विरघळते. लग्नाच्या वरातीत, यात्रेत, निवडणूक जिंकल्यावर वर तोंड करून बार काढणाऱ्या प्रत्येकाचा हाच समज असतो. अमेरिकन सैन्यातल्या हॅचर नावाच्या अधिकाऱ्यानं शंभर वर्षांपूर्वी रायफलच्या गोळ्या सरळ वर झाडून त्या परत कशा येतात ते तपासलं होतं. सेकंदाला सुमारे ९० मीटर वेगानं त्या खाली येतात. आणि ही झाली अगदी सरळ वर गेलेली गोळी. वरातीतला हात कधी सरळ वर नसतो, तिरका असतो, आणि तिरक्या गेलेल्या गोळीत याहून किती तरी जास्त जोर शिल्लक राहतो. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं जल्लोषातला गोळीबार नाव घेऊन गुन्हा ठरवला. इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे दुकानात कुणी कुणाला सांगताना मी ऐकलं नाही. काडतुसं विकताना ते सांगितलं तर काडतुसं कमी खपतील, असं मी म्हणणार नाही. पण मनात आलं.

एक दिवस एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. तिचा स्वतःचा व्यवसाय, रात्री रोकड घेऊन घरी येणं, त्यामुळं तिच्या नावानं लायसन्स झालेलं. दुकानदारानं तिच्याकडं न बघता नवऱ्याला सांगितलं, "वैनीस्नी छोटं बरं. हलकं. पर्समधी बसतंय. बाईमाणसाला मोठं झेपत न्हाई." कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ साली ‘निर्भीक’ नावाचं .३२ बोअरचं, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं रिव्हॉल्व्हर बायकांसाठी म्हणून काढलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात; तेव्हापासून हा समज सरकारी शिक्का मारल्यासारखा पक्का झाला आहे. पण हिशेब उलटा आहे. गोळी तीच असेल तर बंदूक जितकी हलकी तितका हाताला धक्का जास्त. नळी जितकी आखूड तितकी नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच जवळ, आणि तितकी नेमातली बारीक चूक मोठी होऊन निशाणावर उमटते. छोटं हलकं हत्यार हे रोजचा सराव असलेल्याच्या हातात ठीक. नवशिक्याला ते सर्वांत अवघड. हे मी म्हणालो तेव्हा दुकानदार हसला. "सर, बायकांचं काय हो."

कोल्हापुरात! याच गावच्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, जागतिक अजिंक्यपद घेतलं, भारतातली पहिली महिला. याच गावच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सोनं घेतलं, तेही भारतीय महिला नेमबाजाचं पहिलं. दुधाळीच्या रेंजवर सातवी-आठवीतल्या मुली चार-पाच किलोच्या रायफली खांद्याला लावून तास-तास उभ्या असतात. आणि त्याच शहरात, तिथून रिक्षानं दहा मिनिटांवर, एक माणूस सांगतो की बाईला मोठं झेपत नाही, आणि ती बाई मान डोलावते. ती मान डोलावली गेली ते मला सर्वांत जास्त लागलं.

भौतिकशास्त्राच्या थापा तशा कमी धोक्याच्या, पण माझ्या जिव्हाळ्याच्या. "बारा बोअर छातीत बसली की माणूस चार फूट मागं उडतो." पडद्यावर उडतो, दोरीनं ओढतात म्हणून. बारा बोअरच्या एका काडतुसात साधारण ३२ ग्रॅम छर्रे, वेग सेकंदाला ४०० मीटर धरा. संवेग झाला पावणेतेरा. ७० किलोच्या माणसानं तो सगळा अंगावर घेतला तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला अठरा सेंटीमीटर. रांगणारं मूल याहून जोरात जातं. आणि तो खरंच चार फूट उडत असता तर तेवढ्याच धक्क्यानं बार काढणाराही चार फूट मागं, थेट परसात गेला असता. न्यूटन दोघांना सारखाच लागू. माणूस कोसळतो तो जखमेनं, धक्क्यानं नाही, आणि पुष्कळदा लगेच कोसळतही नाही. एका गोळीत समोरचा आडवा होणार या भरवशावर हत्यार घेणाऱ्यानं हे आधी ऐकलेलं बरं.

"बारा बोअरला नेम लागत न्हाई, नुसतं तोंड तिकडं करायचं." छर्रे पसरतात ते मीटरमागं दोन-अडीच सेंटीमीटर. आपल्या हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाच मीटर धरले तर छऱ्यांचा घोस तळहाताएवढा. चुकला तर पूर्णच चुकतो, आणि मागच्या खोलीत कोण झोपलंय ते छऱ्यांना माहीत नसतं.

रेंजवर थापा नसतात असं नाही. तिथल्या जरा सभ्य असतात. "गोळी नळीतून निघाली की आधी वर चढते, मग खाली येते." चांगले चांगले सांगतात. गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडल्या क्षणापासून नळीच्या रोखाखाली पडायला लागते, हातातून सुटलेल्या लिंबासारखी. ५० मीटरवर .२२ ची गोळी पोचेपर्यंत बारा-तेरा सेंटीमीटर पडलेली असते. आपण नेम धरतो ती रेषा नळीच्या वर असते आणि नळी तिच्याकडं केसभर वर तोंड करून बसवलेली असते, म्हणून गोळी त्या रेषेपर्यंत चढते; ती चढण नळीच्या तोंडाची, गोळीची नव्हे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य घेतलं ते याच ५० मीटरवर, आणि तिथं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. बारा सेंटीमीटर पडणारी गोळी एक सेंटीमीटरच्या ठिपक्यात. ज्याला हे समजलं त्याला स्वप्नीलच्या ४५१.४ गुणांचं खरं मोल कळेल.

त्या पदकानंतर आमच्या ओळखीतल्या तीन घरांत मुलांना रेंजवर घालायची चर्चा झाली, आणि तिन्ही घरांत एकच शंका होती. "पोराचा हात थरथरतो हो." सगळ्यांचाच थरथरतो. छातीत काळीज आहे तोवर थरथरणार. थरथर किती छोटी करायची आणि तिच्यातच घोडा कसा अलगद सोडायचा, हाच तर खेळ. "एक डोळा गच्च मिटायचा" हेही तसलंच. मिटलेल्या डोळ्याचा ताण उघड्या डोळ्यावर येतो, म्हणून नेमबाज दोन्ही डोळे उघडे ठेवून एकापुढं धुरकट पट्टी लावतात. श्वास रोखायचा तो काही सेकंद. दहा सेकंदांपलीकडं नजरच अंधुक व्हायला लागते.

एका थापेला मात्र मी सभ्य म्हणणार नाही. एका ठिकाणी, नाव घेत नाही, फायरिंगच्या वेळी पोरांच्या कानात कापसाचे बोळे होते. विचारलं तर उत्तर आलं, "दोन-चार बारांनं काय होत न्हाई, कान तयार होतात." कान म्हणजे तालमीतला पठ्ठ्या नव्हे, जोर-बैठका काढून तयार व्हायला. .२२ चा आवाजसुद्धा १४० डेसिबलच्या आसपास जातो, मोठ्या काडतुसांचा त्याच्याही वर. एवढ्या आवाजाचा एक बारही कायमची इजा करू शकतो, आणि कापूस त्यातले थोडेच डेसिबल अडवतो. आतल्या कानातल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीपुढं उभं राहून आम्ही कोल्हापूरकरांनी निम्मे कान आधीच वाहिले आहेत. उरलेले रेंजवर द्यायचे म्हणजे फारच झालं. चांगले इअरमफ महाग नाहीत.

आणि सगळ्यांच्या वर ती एक, जिच्यावर हसताच येत नाही. "रिकामीच हाय." मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, हा समज दुकानात, रेंजवर, घरात सगळीकडं आहे. मॅगझिन निघालं तरी आधीच नळीत चढलेली गोळी तिथंच बसलेली असते. त्या बाकावर दीड महिन्यात तीन वेळा माझ्या दिशेला नळी फिरली आणि तिन्ही वेळा हेच दोन शब्द ऐकले.

आता माझं म्हणणं.

लोक म्हणतात, सर, गप्पा आहेत, पानपट्टीवर होतात तशा, सोडून द्या. मी सोडायला तयार नाही. पानपट्टीवरचा माणूस क्रिकेटबद्दल थाप मारतो तेव्हा तो तुम्हाला बॅट विकत नसतो. काउंटरमागच्या माणसाच्या बोलण्याला मागच्या भिंतीवरच्या बंदुकांचं वजन येतं. भिंतीवर फ्रेम केलेलं सरकारी लायसन्स असतं, त्यामुळं त्याचं बोलणंही सरकारी वाटतं. आणि जो ऐकतो तो घाबरलेला असतो. खंडणीचा फोन आलेला असतो, भाऊबंदकीत कुणी तरी कोयता दाखवलेला असतो, गव्यानं ऊस तुडवलेला असतो. तो लोखंड घ्यायला आलेला नसतो, धीर घ्यायला आलेला असतो. "कमरेखाली घाल, काही होत नाही" हा फुकटात मिळणारा धीर, म्हणून तो हमखास खपतो. दुकानदाराला दोष देताना मला हेही दिसतं की गिऱ्हाईकालाच ते ऐकायचं असतं. खरं उत्तर देणारा दुकानदार त्याला भित्रा वाटेल.

दुकानदारांची बाजू आहेच. धंदा मोठा राहिलेला नाही. २०१९ नंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं, परवाने मोजके, वर कागदांचा ढीग. कायद्याची भाषा इंग्रजी, आणि मराठीत आली तरी ती "उक्त अनुज्ञप्तिधारक" अशी येते. आमच्या दुकानदारानं कुणालाही फसवायला थाप मारली नाही. त्याच्या बापानं त्याला सांगितलं, त्यानं पुढं सांगितलं. पण हीच तर माझी तक्रार आहे. हत्यार दुरुस्त करताना तो बापाच्या सांगण्यावर थांबत नाही, मापं घेतो. कायदा सांगताना मात्र मापं लागत नाहीत.

२०१६ च्या नियमांनी परवाना मागणाऱ्याला सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचं केलं आहे. हाताळणी, साठवण, ने-आण, सगळं त्यात आहे. माझ्या अर्जासाठी मीही ते घेतलं, आणि जिथं घेतलं तिथं ते चहा धरून पस्तीस मिनिटांत आटोपलं. बंदूक मी एकदाच हातात घेतली, ती फोटोसाठी. खासगी बचावाच्या कलमांबद्दल एक शब्द नाही, कानांबद्दल नाही. प्रमाणपत्र मात्र रंगीत. माझी मागणी एवढीच की हे प्रशिक्षण रेंजवर व्हावं, जिथं चुकीच्या दिशेनं नळी फिरवली तर लगेच ओरडणारं कुणी तरी असतं, आणि एक तास वकिलाचा असावा. आणि गिऱ्हाईकाबरोबर काउंटरमागच्या माणसाचीही परीक्षा घ्या, त्याच्या दुकानाच्या परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी, वीस प्रश्नांची. ड्रायव्हिंग लायसन्सला घेतो तेवढी तरी. जिल्हाधिकारी कार्यालयाला यासाठी नवा कायदा लागेल की साधं परिपत्रक पुरेल, ते त्यांनी बघावं. तोवर प्रत्येक दुकानात मराठीत एक बोर्ड लागायला काहीच अडचण नाही.

बोर्डाचं मी आमच्या दुकानदाराला बोललो. तो म्हणाला, "लावतो की. मजकूर तुम्ही लिवून द्या, सर." घरी बसून नऊ ओळी लिहिल्या, साध्या मराठीत. कंबर, उंबरा, हवेतला बार, वारस, रिकामी नळी, कान. बायकांसाठी छोटं नव्हे, सरावाचं. शेवटची ओळ अशी होती: "घरासाठी बंदुकीच्या आधी दाराला चांगली कडी, अंगणात दिवा आणि शेजाऱ्याचा फोन नंबर."

त्यानं कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचला. कंबरेच्या ओळीवर थोडा थांबला, पण काही बोलला नाही. मग खिशातलं पेन काढून शेवटच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि कागद काउंटरच्या काचेखाली, काडतुसांच्या दरपत्रकाशेजारी सरकवला.

"बाकी समदं बराबर हाय," तो म्हणाला. "एवढं नको. गिऱ्हाईक परत जाईल."